गाठ, लिगंड आणि निदान



आयुष्यभर मराठी भाषा आणि वाङ्मय शिकवलेल्या माणसाने एका धातूच्या रसायनावर आणि एका दुर्मीळ गाठीच्या निदानावर बोलावे, याचे आपल्याला नवल वाटले असेल. त्याची दोन कारणे आहेत. ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला विज्ञान शिकवीत आणि तेही मराठीतून. वडोदऱ्यात राहूनही मराठी शब्द चुकला तर गुण कापीत. दुसरे कारण घरगुती आहे. माझी थोरली बहीण, आमची ताई, १९८८ साली पोटातल्या गाठीने गेली. त्या गाठीला तेव्हा जे नाव मिळाले ते खरे नाव नव्हते, हे आम्हांला पुढे सतरा वर्षांनी कळले. त्या नावाचा शोध घेता घेता मी ज्या वाटांनी गेलो, त्यांतल्या दोन वाटा आज आपल्यापुढे मांडतो. एक रसायनशाळेतली आहे, दुसरी विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतली. या दोन्ही इतिहासांतून मला एकच गोष्ट दिसली. जे शेवटच्या फळात कुठेच दिसत नाहीत, त्यांनीच पुष्कळदा ते फळ कोणते यायचे हे ठरविलेले असते.

आरंभ माझ्या स्वभावाप्रमाणे शब्दांपासून करतो. 'लिगंड' हा शब्द लॅटिनमधील 'बांधणे' या अर्थाच्या धातूवरून आला. धातूच्या अणूला जो रेणू बिलगतो, त्याला धरून ठेवतो, तो लिगंड. आपला 'निदान' हा शब्दही 'बांधणे' या अर्थाच्या 'दा' धातूवरूनच आला आहे. वेदवाङ्मयात निदान म्हणजे दोर, बंधन. गुराच्या गळ्यातले आपले 'दावे' हे त्याच धातूचे अपत्य. पुढे निदान म्हणजे मूळ कारण आणि त्यातून रोगाची ओळख, असा अर्थविस्तार झाला. लक्षणे एका कारणाला बांधून दाखविणे म्हणजे निदान. आणि ज्याचे निदान करायचे ती 'गाठ' म्हणजे संस्कृतातील 'ग्रंथि'. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथि आणि अर्बुद यांचा वेगवेगळा विचार आहे. सगळ्या गाठी एक नव्हेत, हे भान आपल्याकडे जुने आहे. ते भान सूक्ष्मदर्शकाखाली पुरते उतरायला मात्र विसावे शतक संपत यावे लागले.

आता पहिली वाट. पॅलॅडियमचा जन्मच मोठा नाट्यमय आहे. १८०३ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सोहो भागात, जेरार्ड स्ट्रीटवरील श्रीमती फॉर्स्टर यांच्या दुकानात एक नवी 'उदात्त' धातू विक्रीस आल्याचे निनावी पत्रक निघाले. शोधकर्त्याचे नाव नाही, कृती नाही, केवळ गुणधर्म आणि किंमत. रिचर्ड शेनेविक्स या रसायनज्ञाला हा फसवणुकीचा प्रकार वाटला. त्याने धातू विकत घेतली, प्रयोग केले आणि ही प्लॅटिनम व पारा यांची मिश्रधातू आहे, असे रॉयल सोसायटीपुढे सांगितले. त्यावर अज्ञात विक्रेत्याने, ही धातू कृत्रिम रीतीने बनवून दाखविणाऱ्यास २० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. ते कोणी जिंकले नाही. अखेर १८०५ मध्ये विल्यम हाइड वोलॅस्टन यांनी, तो शोध माझा, असे प्रकट केले. १८०२ साली सापडलेल्या पॅलस या लघुग्रहावरून त्यांनी तिचे नाव ठेवले होते. मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचे अंतर आहे. पॅलॅडियमच्या वाट्याला दोन्ही आले.

पुढे दीडशेहून अधिक वर्षे ही धातू दागिने, उपकरणे आणि काही ठरावीक अभिक्रिया यांपुरतीच राहिली. कार्बनी रसायनशास्त्राची मोठी अडचण ही की, दोन कार्बन अणू हव्या त्याच जागी एकमेकांना जोडणे फार कठीण. निसर्ग ते सहज करतो. रसायनज्ञाला त्यासाठी जहाल साधने वापरावी लागत आणि त्यांत नको ते भागही भाजून निघत. १९६८ पासून अमेरिकेत रिचर्ड हेक यांनी पॅलॅडियमच्या मध्यस्थीने अशा जोडण्या घडवून आणल्या. १९७१ साली जपानमध्ये त्सुतोमू मिझोरोकी यांनी आणि १९७२ साली स्वतंत्रपणे हेक यांनी तीच अभिक्रिया पॅलॅडियमच्या अल्पशा मात्रेत, म्हणजे खऱ्या अर्थाने उत्प्रेरक म्हणून, करून दाखविली. आज तिला दोघांचे नाव आहे. मिझोरोकी १९८० साली अकाली गेले. २०१० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक हेक, एइची नेगिशी आणि अकिरा सुझुकी यांना मिळाले, तेव्हा मिझोरोकी यांच्या पश्चात तीस वर्षे उलटली होती.

परंतु या नामावलीतही ज्याचा उल्लेख सामान्य वाचकाच्या कानी येत नाही, तो फॉस्फीन. फॉस्फरसचा एक अणू, त्याला जोडलेले तीन कार्बनी समूह, आणि चौथ्या बाजूस मोकळी असलेली इलेक्ट्रॉनांची जोडी. ही मोकळी जोडी तो धातूला देऊ करतो आणि तिला बिलगतो. पॅलॅडियमचे काम तीन पायऱ्यांचे असते. प्रथम ते एका रेणूतील कार्बन व हॅलोजन यांमधला बंध फोडून स्वतः मध्ये शिरते; मग दुसरा भागीदार आपल्याकडे ओढते; शेवटी दोघांचे हात एकमेकांच्या हाती देऊन मोकळे होते आणि पुढच्या जोडीकडे वळते. फॉस्फीनचे साह्य नसेल, तर कार्बन व आयोडीन यांचा सैल बंध फुटतो, पण ब्रोमीनचा बंध दाद देत नाही आणि पुष्कळदा धातू काळ्या भुकटीच्या रूपाने तळाशी बसते. १९७४ साली हेक आणि त्यांचे सहकारी डीक यांनी ट्रायफेनिलफॉस्फीन वापरले आणि ब्रोमीनयुक्त रेणूही या व्यवहारात येऊ लागले.

कोणता फॉस्फीन घ्यावा, हा पुढचा प्रश्न. १९७० च्या दशकात ड्यू पाँ कंपनीतील चॅडविक टोलमन यांनी त्याचे मोजमाप ठरविले. फॉस्फीन धातूभोवती किती जागा अडवतो, ते त्यांनी शंकूच्या कोनाने मांडले. तीन मेथिल समूहांच्या फॉस्फीनचा कोन ११८ अंश, ट्रायफेनिलचा १४५ अंश आणि तीन तृतीयक ब्यूटिल समूहांच्या अवजड फॉस्फीनचा १८२ अंश. वरवर पाहता ही कोष्टके रुक्ष आहेत. पण पंगतीत ऐसपैस बसणारा एकच पाहुणा वाढप्याची वाट कशी ठरवतो, हे ज्याने पाहिले असेल त्याला यातले मर्म कळेल. अवजड फॉस्फीन दुसऱ्या फॉस्फीनला जवळ येऊ देत नाही. त्यामुळे धातूची एक बाजू कामासाठी मोकळी राहते. शिवाय शेवटी दोन्ही भागीदारांना तो एकमेकांकडे रेटतो. आणि इलेक्ट्रॉन सढळ हाताने देत असल्यामुळे, फुटायला सर्वांत हट्टी असा कार्बन-क्लोरीन बंधही धातूकडून फुटतो. क्लोरीनयुक्त रेणू स्वस्त असतात, म्हणून हा केवळ विद्वत्तेचा प्रश्न नव्हता.

१९९५ साली मॅसॅच्युसेट्स येथील स्टीफन बुकवाल्ड आणि येल येथील जॉन हार्टविग यांनी स्वतंत्रपणे, कार्बनला नायट्रोजन जोडण्याची पॅलॅडियमची रीत सुटसुटीत केली. औषधांच्या रेणूंत कार्बन-नायट्रोजन बंध पदोपदी असतात, हे ध्यानी घेतले म्हणजे या पावलाचे मोल कळेल. १९९८ च्या सुमारास अवजड फॉस्फीनांचे युग सुरू झाले. बुकवाल्ड यांनी दोन वलये जोडलेल्या फॉस्फीनांचे एक घराणेच उभे केले. धातू तीच, अभिक्रियेचे तत्त्व तेच. बदलला तो बिलगणारा रेणू, आणि कालपर्यंत अशक्य असलेली जोडणी प्रयोगशाळेत नित्याची झाली.

१९९८ हे वर्ष लक्षात ठेवावे, ही विनंती. दुसऱ्या वाटेवरही तेच वर्ष आपल्याला भेटणार आहे. पण त्याआधी आपल्याला आमच्या घरी यावे लागेल.

१९८६ च्या पावसाळ्यात ताईच्या पोटात दुखू लागले. रक्त कमी झाले, शौचास काळे होऊ लागले. शस्त्रक्रिया झाली, जठराच्या भिंतीतून वाढलेली गाठ काढली गेली. गाठीचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मग मेणात बसवून त्यांचा लहानसा ठोकळा करतात, त्याचे केसाहूनही पातळ काप काढतात आणि ते निळ्या-गुलाबी रंगांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ताईच्या कापांत चातीसारख्या निमुळत्या पेशी दिसल्या. अहवालात शब्द आला 'लायोमायोसार्कोमा', म्हणजे अनैच्छिक स्नायूचा कर्करोग. तो लिहिणाऱ्याची यात चूक नव्हती. त्या काळी अशा गाठींना बहुधा हेच नाव देत, कारण त्या पेशी स्नायूच्या पेशींसारख्या दिसतात. दीड वर्षाने यकृतात पुन्हा गाठी आल्या. औषधांचा काही उपयोग झाला नाही. ताई गेली तेव्हा चौपन्न वर्षांची होती.

नावाविषयीची शंका मात्र तेव्हाच उत्पन्न झाली होती. १९८३ साली अमेरिकेतील मायकेल मझुर आणि ब्रेंट क्लार्क या विकृतिशास्त्रज्ञांनी जठरातील अशा गाठी पुन्हा तपासल्या. यांतल्या अनेकींत स्नायूची खूण नाही, मज्जातंतूच्या आवरणाचीही नाही, असे त्यांना आढळले. मग ओढून ताणून कुठल्यातरी जुन्या घरात बसविण्याऐवजी त्यांनी 'स्ट्रोमल ट्यूमर' हा तटस्थ शब्द वापरला. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. जे कळत नाही त्याला खोटे नाव न देता मोकळी जागा राखून ठेवणे, हे विद्वत्तेतले अवघड काम आहे.

ती मोकळी जागा पंधरा वर्षांनी भरली. १९९८ च्या जानेवारीत ओसाका येथील सेइइची हिरोता, युकिहिको कितामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले की, या गाठींच्या पेशींत 'किट' नावाच्या जनुकात बदल झालेला असतो. किट हे पेशीच्या पृष्ठभागावरचे प्रथिन. बाहेरून विशिष्ट संदेश आला तरच त्याने वाढीची आज्ञा आत पोचवायची. या बदलामुळे संदेशाविनाच ती आज्ञा अखंड सुटत राहते. आतड्याच्या भिंतीत कहालच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशी असतात. आतड्याच्या हालचालींना त्या ताल देतात. स्पेनचे सान्तियागो रामोन इ कहाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांचे वर्णन केले होते. या पेशींवरही किट असते आणि गाठीचे कूळ त्यांच्याशी जुळले. आता विकृतिशास्त्रज्ञाच्या हाती खूण आली. किटला चिकटणारे प्रतिपिंड कापावर घालायचे. तपकिरी रंग उमटला की बहुधा ही तीच गाठ. सुमारे ९५ टक्के गाठींत तो उमटतो. दहा लाख लोकांत वर्षाकाठी दहा-पंधरा जणांना होणाऱ्या या आजाराला अखेर स्वतःचे नाव मिळाले, 'गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर', संक्षेपाने 'जिस्ट'.

या नावाने काय केले ते पाहा. त्याच सुमारास रक्ताच्या एका कर्करोगासाठी इमॅटिनिब हे औषध तयार होत होते. ते ज्या प्रथिनाला आवरते, त्याच्याबरोबर किटलाही आवरते, असे आढळले. मार्च २००० मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी येथे डॉ. हाइक्की योएन्सू यांनी, शस्त्रक्रिया आणि इतर उपचार थकलेल्या चौपन्न वर्षांच्या एका जिस्टग्रस्त बाईला ते दिले. रोज ४०० मिलिग्रॅम. काही आठवड्यांत तिच्या गाठी आकसू लागल्या. ही हकीकत एप्रिल २००१ मध्ये छापून आली, आणि फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकेत जिस्टसाठी या औषधास मान्यता मिळाली. त्या बाईचे वय वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले होते. चौपन्न हेच ताईचे वय. फरक होता तो बारा वर्षांचा आणि एका नावाचा.

निदानाची ही सूक्ष्मता तिथेच थांबली नाही. काही जिस्ट-गाठींत किटऐवजी त्याच्या भावकीतल्या दुसऱ्या प्रथिनाच्या जनुकात बदल असतो, हे २००३ साली कळले. त्यांतल्या एका विशिष्ट बदलावर इमॅटिनिब जवळजवळ निष्प्रभ ठरते. त्यावर २०२० साली अमेरिकेत वेगळ्या औषधास मान्यता मिळाली. म्हणजे गाठीचे नाव कळले तरी पुरत नाही, तिचे गोत्र आणि शाखाही पाहावी लागते. आपल्याकडे या कष्टाळू विद्येचा पाया घालणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) हे मराठी नाव अग्रभागी आहे. १९४१ साली मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले तेव्हापासून तेथील प्रयोगशाळा आणि संशोधन त्यांनी घडविले. रुग्ण शल्यवैद्याला ओळखतो, औषध देणाऱ्याला ओळखतो. काचपट्टीवर मान वाकवून बसलेल्याला तो कधी पाहत नाही. तरीही पुढचे सारे उपचार त्याच्या एका ओळीवर चालतात.

दोन्ही वाटा आता एकत्र येतात. २०१० साली केंब्रिज येथील स्टीव्हन ले यांच्या गटाने इमॅटिनिबचा रेणू सलग वाहत्या नळ्यांतून बनविण्याची एक रीत प्रसिद्ध केली. तिच्यातली कार्बन-नायट्रोजन जोडणी पॅलॅडियम आणि अवजड फॉस्फीन यांच्या साह्याने केलेली होती. बाजारातली प्रत्येक गोळी याच रीतीने होते असे नव्हे. मूळच्या कृतीत फॉस्फीनाविना, कोळशावर बसविलेले पॅलॅडियम हायड्रोजन देण्यासाठी वापरले होते. परंतु आधुनिक औषधनिर्मितीत फॉस्फीन-पॅलॅडियमची जोडी किती ठिकाणी राबते, याचा हा एक नमुना. आणि काम झाल्यावर या जोडीने निघून जावे लागते. तोंडावाटे घेतलेल्या औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक पॅलॅडियम शरीरात जाऊ नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. ज्याने जोडले, त्याचा मागमूसही उरू नये हीच शुद्धतेची अट.

अर्थात रेणू बनला आणि निदान झाले तरी गोळी रुग्णाच्या हाती पडतेच असे नाही. भारतात मूळ कंपनीचे औषध महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना, तर देशी कंपन्यांचे तेच औषध सुमारे ८ ते १० हजारांना मिळत असे. मूळ कंपनीने त्या औषधाच्या एका स्फटिकरूपासाठी भारतात पेटंट मागितले होते. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने सर्वोच्च न्यायालयात ती मागणी फेटाळली. देशी औषधनिर्मितीचे हे बळ एका दिवसात आलेले नाही. त्याचे एक मूळ आपल्याच शहरात आहे. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १८९० मध्ये कलाभवन सुरू झाले. रसायनज्ञ त्रिभुवनदास गज्जर त्याचे प्रमुख झाले आणि तंत्रविद्या देशी भाषांतून शिकवावी हा त्यांचा आग्रह होता. १९०७ साली गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन या त्रयीने अलेम्बिक हा कारखाना काढला. आमचे सर वर्गात मराठी पारिभाषिक शब्दासाठी अडून बसत, तेव्हा ते याच परंपरेचे काम करीत होते, हे मला फार उशिरा उमगले.

आता ताईची गोष्ट पुरी करतो. १९८६ साली मुंबईस दुसरे मत घेण्यासाठी आम्ही तो मेणाचा ठोकळा नेला होता. परत आणल्यावर तो कपाटात, बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात, ताईच्या कागदांबरोबर राहिला. ताई आजारी पडली तेव्हा तिची मुलगी शाळेत होती. पुढे ती विकृतिशास्त्रज्ञ झाली. २००५ साली ती म्हणाली, "मामा, आईचा ठोकळा अजून असेल तर मला द्या." मी डबा तिच्या हाती दिला. पंधरा दिवसांनी तिने मला तिच्या प्रयोगशाळेत बोलावले आणि सूक्ष्मदर्शकासमोर बसविले. मला शास्त्र कळत नव्हते, पण रंग दिसला. सगळा काप तपकिरी झाला होता. ती एवढेच म्हणाली, "आईला हे होतं."

मी तिला विचारले, आता कळून काय उपयोग? ती म्हणाली, "आईला नाही, मामा. पण या महिन्यात अशाच दोन जुन्या अहवालांचे ठोकळे मी पुन्हा काढून पाहिले. त्यांतला एक रुग्ण हयात आहे. त्याला आता गोळी सुरू झाली आहे."

मराठीत 'निदान' या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे : 'कमीत कमी', 'एवढे तरी'. त्या दिवशी हे दोन्ही अर्थ मला एका ठिकाणी भेटले. ताई परत येणार नव्हती. निदान तिच्या गाठीला तिचे खरे नाव मिळाले, आणि ते नाव कुणा अनोळखी माणसाच्या उपयोगी पडले.

विद्यार्थी मित्रांनो, या सभागृहातून उद्या रसायनज्ञ होतील, डॉक्टर होतील, शिक्षकही होतील. तुमच्यापैकी बहुतेकांची नावे कोणत्याही अभिक्रियेला किंवा रोगाला मिळणार नाहीत. फॉस्फीनाचे नाव गोळीच्या वेष्टनावर नसते, काचपट्टी पाहणाऱ्याचे नाव रुग्णाच्या ओठी नसते, आणि तुमच्या यशाच्या प्रमाणपत्रावर तुमच्या शिक्षकाचे नाव छापलेले नसते. मात्र काम हाती असताना धरायचे ते अचूक आणि घट्ट धरा, आणि नाव द्यायचे ते खरे असेल तेव्हाच द्या. नक्की कळत नसेल तर मझुर आणि क्लार्क यांच्याप्रमाणे जागा मोकळी ठेवण्याचा प्रामाणिकपणा असू द्या. सरांनी आम्हांला विज्ञानाच्या तासाला हेच शिकविले, आणि चुकलेल्या शब्दाचे गुण कापले तेही याचसाठी.